जावयाची ओळ

डॉक्टरांनी अंगठा दाबून पाहिला तेव्हा आमची ही ‘आई गं’सुद्धा म्हणाली नाही. “क्रोशाकाम दिवसाआड, आणि तेही अर्धाच तास,” असं ते म्हणाले तेव्हा मात्र तिने असा आवाज काढला, की बाहेर बसलेला एक पेशंट आपला नंबर सोडून घरी गेला.

“अर्धा तास? अर्ध्या तासात माझी एक ओळ होते, डॉक्टर. एक!”

“मग एकच करा.”

“आणि बाळ काय माझ्या ओळींसाठी थांबणार आहे?”

बाळ म्हणजे आमच्या ठकीचं. ठकी आमची एकुलती एक लेक. तिला ऐन थंडीत दिवस भरत होते, आणि आमच्याकडची थंडी पाहुण्यासारखी येत नाही, भाडेकरूसारखी येते. एकदा शिरली की निघायचं नाव घेत नाही. म्हणून बाळासाठी हिने जाड, सायीच्या रंगाच्या लोकरीचं पांघरूण करायला घेतलं होतं. तेही साधंसुधं नव्हे, दाण्यांचं. एकाच टाक्यात पाच खांब, म्हणजे पाच उभे लांब टाके, घालायचे आणि पाचांच्या माना एकत्र आवळायच्या, की वाटाण्याएवढा दाणा टपकन वर येतो. एक ओळ दाण्यांची, मग काम पलटून परतीची एक ओळ साधी, पुन्हा पलटून दाण्यांची. त्या दाण्यांमध्ये ऊब अशी अडकून बसते, की अंगावर घेणारा माणूस सकाळी उठायला साफ नकार देतो. आमच्या पलंगावर असलं एक आहे. नोकरीत मी जितक्या वेळा उशिरा पोचलो, त्या सगळ्याचा ठपका त्या पांघरुणावर आहे.

तीस वर्षं मी एका कारखान्याचं कोठार सांभाळलं. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. डॉक्टरांचा जिना उतरेपर्यंत माझा हिशोब तयार होता.

“ऐंशी ओळी हव्यात. चौदा झाल्या. उरल्या सहासष्ट. दिवसाआड एक म्हणजे एकशे बत्तीस दिवस. बाळाला यायला राहिलेत अठ्ठ्याण्णव. म्हणजे पांघरूण तयार होईल तेव्हा थंडी सामानाची बांधाबांध करत असेल.”

“झालं मोजून?” ही म्हणाली. “आता गप्प बसा. एकावेळी एकच दुखणं पुरे आहे मला.”

बातमी घरी पोचायच्या आत वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचली होती. त्या सुई घेऊनच खाली आल्या. “मी करते हो थोडं, त्यात काय!” आणि बघता बघता त्यांनी अर्धी ओळ ओढली. ही तोंडभर हसली, चहा दिला, दारापर्यंत पोचवायला गेली. दार लावलं आणि उभ्या उभ्या अर्धी ओळ उसवून टाकली.

“काय वाईट होतं?” मी विचारलं.

“टाका सैल आहे बाईचा. जिभेसारखा. एका पांघरुणात दोन हात दिसतात, तुम्हाला नाही कळायचं.”

मला एवढंच कळत होतं की हिला मदत करणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पण त्या संध्याकाळी मी दिवा लावायला आत गेलो, तर ही मांडीवर पांघरूण घेऊन नुसती बसलेली. सुई टोपलीत. डाव्या मुठीत उजवा अंगठा धरलेला, एखाद्या हरवून सापडलेल्या पोराचा हात धरावा तसा.

“विकत आणू एक चांगलंसं,” मी म्हणालो. माझ्या तोंडून आयुष्यात जी काही मूर्ख वाक्यं गेली, त्यांत याचा नंबर बराच वरचा आहे.

“पहिलं नातवंड,” ती हळूच म्हणाली, “आणि आजीने त्याला दुकानातलं पांघरूण घालायचं? मग आजी कशाला हवी? दुकानदार पुरे.”

आता जावयाची ओळख करून देतो. आमचे जावई लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस उंचापुरा, हात फावड्याएवढे, आणि बोलणं मोजून दिवसाला वीस-बावीस शब्द. त्यातले अर्धे ‘हो आई’. ठकीला त्या दिवसांत फोडणीचा वास सहन होत नव्हता, म्हणून दोघं रोज संध्याकाळी जेवायला आमच्याकडे यायची. जेवण झालं की ठकी कोचावर आडवी व्हायची, मी वर्तमानपत्रात शिरायचो, ही टेबलाच्या एका बाजूला लोकर घेऊन बसायची, आणि जावई समोरच्या खुर्चीत मूग गिळून बसायचे. चार महिने हाच कार्यक्रम. हिला वाटायचं, जावई पेंगतात. मलाही तसंच वाटायचं.

डॉक्टरांकडे जाऊन आल्यानंतर दहाएक दिवसांनी हिला टोपलीत एक लाल चौकोन सापडला. तळहाताएवढा, उरल्यासुरल्या लोकरीचा, आणि त्यावर दाणे.

“हे कुणाचं?” तिने चौकोन दिव्याखाली धरला. “काकूंचं नाही. टाका घट्ट आहे. ठकीचं तर नाहीच, तिला बटण लावता येत नाही.” मग माझ्याकडे एक नजर टाकली आणि ती शक्यता लगेच सोडून दिली. “आणि हे उलटं का आहे सगळं? खांब भलत्याच बाजूला कलतायत.”

समोरच्या खुर्चीतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

“माझं आहे, आई.”

“तुमचं?”

“समोर बसून बघत होतो. मी डावखुरा. तुमचा उजवा हात माझ्या डाव्या हातासमोर येतो. आरशात बघून केल्यासारखं केलं.”

कोचावरून ठकी अर्धी उठली. “अहो! म्हणून गाडीत मागच्या सीटवर लोकर होती? मी म्हटलं, लिफ्टला स्वेटर घालताय की काय!”

“पण उलटं आहे, जावईबापू,” ही म्हणाली.

“माझ्याकडून सुलटं दिसतं, आई.”

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्या दिवसाचे वीस-बावीस शब्द केव्हाच संपले होते आणि माणूस अजून बोलत होता. “ठकीला उलट्या होतात, कंबर दुखते, सगळं तीच सोसते. उरलेलं तुम्ही करता. बाबा मोजतात. बाळासाठी मी काय करायचं? मला काहीतरी हवं होतं.”

हिने चौकोन टोपलीत ठेवला आणि म्हणाली, “बरा आहे.” हिच्याकडून ‘बरा आहे’ मिळवायला मला लग्नानंतर सहा वर्षं लागली होती. पण पांघरुणाला हात लावू दिला नाही तो नाहीच.

पुढचं जे झालं ते ठकीच्या पायांमुळे. चारेक दिवसांनी तिचे पाय सुजले, म्हणून समोरच्या खुर्चीवर ते पसरले गेले आणि जावयाला सासूच्या शेजारी, डाव्या बाजूला बसावं लागलं. ही उजवीकडून डावीकडे दाण्यांची ओळ घालत आली, आणि कडेचे सहा टाके राहिले असताना अंगठ्यात अशी कळ आली की सुई हातातून सुटली. ती नेमकी जावयाच्या मांडीवर. त्यांनी ती उचलली, ते सहा टाके कसेबसे वेड्यावाकड्या हाताने पुरे केले, आणि विचारलं, “पुढे जाऊ?”

हिने डोळे मिटून अंगठा दाबून धरला होता. तिने मान हलवली. तिची मान ‘नको’ म्हणत होती. जावयाने ‘हो’ ऐकलं.

डोळे उघडले तेव्हा जावई कडेपासून सुरू करून परत उजवीकडे निघाले होते. सुई डाव्या हातात. काम पलटलेलं नाही. आणि परतीच्या साध्या ओळीत दाणे!

“अहो, आधी पलटा!”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? परत जायचं तर काम पलटावं लागतं! आणि परतीची ओळ साधी असते. मागून दाणे घातले तर ते मागच्या बाजूला…” आणि ती थांबली.

दाणे मागच्या बाजूला नव्हते. पुढेच होते, खालच्या दाण्यांच्या बरोबर मधल्या जागेत, एकाला एक खेटून. उजव्या हाताचं माणूस उजवीकडून डावीकडे जातं. डावखुरं डावीकडून उजवीकडे येतं. दोघं मिळून केलं तर पलटायचंच काय कारण? चाळीस वर्षं ही एक ओळ दाण्यांची आणि एक साधी घालत आली, कारण चाळीस वर्षांत हिच्या डाव्या बाजूला कुणी डावखुरं बसलंच नव्हतं.

हिने त्या चार-पाच दाण्यांवरून हात फिरवला. मग मागून फिरवला. मग पुन्हा पुढून. मी उसवण्याची वाट पाहत होतो.

उसवलं. पण नुसतं जावयाचं नाही. तिने जावयाच्या हातून सुई काढून घेतली आणि सगळंच्या सगळं ओढायला लागली. सर्र, सर्र, सर्र. एकवीस ओळी. टेबलावर लोकरीचा ढीग झाला.

“अगं, काय करतेस!” मी जवळजवळ ओरडलो. “चौऱ्याऐंशी दिवस राहिलेत!”

“खाली साधी ओळ आणि वर गच्च दाणे, असं कसं दिसेल? पहिल्यापासून गच्चच करायचं.” आणि जावयाकडे वळून, “तुमचा हात माझ्यापेक्षा घट्ट आहे. एक नंबर मोठी सुई घ्या. आणि लोकर ओढू नका, ती लिफ्टची दोरी नाही.”

“लिफ्टची दोरीपण ओढत नाही, आई. सगळ्या दोऱ्यांना सारखाच ताण ठेवतो.”

“मग तेच करा. बाबा, मोजा!”

हिने मला ‘बाबा’ म्हटलं, यावरून ती किती तंद्रीत होती ते ओळखा. मी मोजलं. एक दिवस हिची ओळ, एक दिवस जावयाची. ऐंशी ओळींना ऐंशी दिवस. चार दिवस शिल्लक.

तसे ते दिवस मी आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत धरतो. सासू-जावई एका कोचावर, मांडीवर एकच पांघरूण, आणि भांडणं अशी की कान तृप्त व्हावेत. “हा दाणा चार खांबांचा आहे, जावईबापू.” “पाच आहेत, आई.” “चार! बाळाला फसवता?” मग मोजायला मी. पाच निघाले की ही म्हणायची, “दिसत मात्र चारच होते.” एकदा जावयाच्या कंपनीतून तातडीचा फोन आला, कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. “दाणा पुरा करून जा,” ही म्हणाली. “अडकलेला माणूस कुठे पळून जातोय?” वरच्या काकू एकदा डोकावल्या आणि म्हणाल्या, “एका हाताचं काम वाटतं हो!” त्या दिवशी त्यांना चहाबरोबर बिस्किटंही मिळाली. मी हळूच विचारलं, “दोन हात दिसतात म्हणत होतीस?” तर म्हणाली, “दोन उजवे हात दिसतात. एक उजवा, एक डावा नाही दिसत.”

चौऱ्याहत्तर ओळी झाल्या आणि बाळाने माझा हिशोब मोडला. दहा दिवस आधीच निघालं. सकाळी सातला जावयाचा फोन, आठला आम्ही दवाखान्यात. ठकीला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या हिने पिशवीतून पांघरूण काढलं.

पंचाहत्तरावी ओळ हिची होती, दिवसही हिचा होता. कुणाची हरकत नव्हती. शहात्तरावी जावयाने घेतली. दोन दाणे उसवून पुन्हा घालावे लागले, पण तेवढा अर्धा तास माणूस दाराकडे बघायचं विसरला. मग ही सुई मागायला लागली.

“द्या. सत्त्याहत्तरावी.”

“आज तुमची झाली, आई.”

“चारच राहिल्यात. चार ओळींनी माझा अंगठा काय गळून पडतोय? द्या इकडे!”

जावयाने सुई मुठीत धरली. सासूला ‘नाही’ म्हणण्याची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“नाही देणार. पांघरूण तोकडं राहिलं तर बाळाचं काही बिघडत नाही. तुमचा अंगठा गेला तर बाळ उचलायचं कुणी?”

“तुम्ही उचला की. बाप आहात.”

“मी आजवर एकही बाळ उचललेलं नाही, आई. पन्नास मजल्यांच्या लिफ्टच्या विहिरीत उतरतो, पण याची भीती वाटते. मान कशी धरायची, कुठे हात घालायचा, मला कोण दाखवणार? तुम्ही समोर बसून दाखवाल, तर मी बघून शिकेन. त्याला तुमचे दोन्ही हात लागतील.”

हिने पांघरूण मांडीवर सरळ केलं, काठावरून बोट फिरवलं. ऐंशी म्हणजे ऐंशी म्हणणारी बाई ती. मग म्हणाली,

“कात्री आहे?”

जावयाने खिशातून तारा कापायची पक्कड काढली.

“शी! बरं, चालेल. कापा. आणि गाठ तुम्हीच मारा, घट्ट मारा. तुमचा हात घट्ट आहे.”

गाठ मारून होते न होते तोच परिचारिका दार उघडून आली. मुलगी! दोघी ठीक. आम्ही तिघं एकदम उठलो आणि एकमेकांच्या पायांवर पाय देत आत गेलो.

हिने बाळ उचललं. एक हात मानेखाली, एक कमरेखाली, अंगठा बरोबर जागेवर. “हे बघा, असं,” ती म्हणाली, आणि जावई समोर उभं राहून डोळे बारीक करून बघत होते, चार महिने बघायचे तसेच. मग बाळ हातांतून हातांत गेलं. एक फावडं मानेखाली, एक कमरेखाली.

मी पांघरूण पुढे केलं. तिथे घोळ झाला.

“दाणे बाहेरून हवेत,” ही म्हणाली. “दिसले पाहिजेत. एवढी मेहनत काय पोटात दडवायची?”

“आतून हवेत, आई. ऊब दाण्यांत आहे.”

“बाहेरून!”

“आतून. बाबा, तुम्ही सांगा.”

मी तोंड उघडलं. पलंगावरून ठकीचा आवाज आला, दमलेला पण अगदी आईचाच:

“दाणे आत. आणि तुम्ही तिघं बाहेर. मला झोपायचंय.”