बुडाला नाव नसलेलं भांडं

श्रद्धेचं कारण देऊन दुकानदाराला गिऱ्हाईक नाकारू देणारा कायदा आमच्या सिनेटरनं आणला, धर्मस्वातंत्र्याचा म्हणून. त्यावरून मी आणि शेजारची डार्लीन फेसबुकवर तीन आठवडे भांडत होतो. "ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. कुणाच्या लग्नाचा केक करायचा ते बेकरीवालाच ठरवेल," असं तिनं लिहिलं. माझ्या वेस्लीनं एका पुरुषाशी लग्न केलंय, हे तिला चांगलं ठाऊक. मी लिहिलं, "म्हणजे माझ्या पोराला दारातून हाकला!" अख्ख्या गावानं वाचलं.

मग माझा नवरा गेला. आमच्याकडे कुणी गेलं की लोक काचेच्या भांड्यांतून जेवण आणून देतात, आणि भांडं परत मिळावं म्हणून बुडाला पट्टी चिकटवून नाव लिहितात. दफनाच्या दिवशी ओट्यावर अकरा भांडी होती. एकावर नाव नव्हतं.

त्यातलेच बटाटे वेस्लीनं आणि त्याच्या नवऱ्यानं दोनदा वाढून घेतले. वेस्ली म्हणाला, "आई, यात मशरूम नाहीत गं! बाकी सगळ्यांत मशरूमचं सूप ओतलंय."

मशरूम खाल्ले की त्याच्या अंगावर गांधी उठतात. हे गावात फक्त मला ठाऊक, आणि चर्चच्या रविवारच्या वर्गात त्याला सहा वर्षं शिकवणाऱ्या डार्लीनला.

सटवी कुठली! नाव दिसलं तर मी भांडं परत पाठवीन, असं वाटलं असणार तिला. पाठवलंच असतं.

भांडं घासून मी बुडाला तिचं नाव लिहिलं. मग तिच्या त्याच पोस्टखाली लिहिलं, "तू अजूनही चुकतेयस. भांडं न्यायला ये. दोन्ही पोरं रविवारपर्यंत आहेत."