चुन्याची केबिन

यामिनीचं घोडं अडलं होतं ते एका केबिनपाशी. राऊ गावच्या युनिव्हर्सिटीची नवी सायन्स बिल्डिंग हे आर्किटेक्ट म्हणून तिचं पहिलं मोठं काम. मध्ये लांबलचक सामाईक प्रयोगशाळा, फिजिक्स-केमिस्ट्रीवाल्यांनी तिथेच एकत्र राबायचं, तिथेच पोरांना शिकवायचं. पश्चिमेचा वारा या टोकाने शिरणार, त्या टोकाने बाहेर पडणार, एसीची भानगडच नाही. आणि नेमकी वारा शिरायच्या तोंडावर फिजिक्सचे हेड दिनानाथ सर स्वतंत्र केबिन मागत होते! केबिन नकाशातून काढायला त्यांची सही हवी. संध्याकाळपर्यंत ती नाही मिळाली तर जुना नकाशा पास व्हायचा, म्हणजे प्रत्येक विभागाचा वेगळा बंद डबा आणि साठ एसी.

कागदावर कुणाच्या काही डोक्यात शिरेना, म्हणून तिने मैदानातच खऱ्या मापाने चुन्याचा नकाशा आखला आणि सगळ्यांना सकाळी बोलावलं. आता ही पडली प्राध्यापक मंडळी. त्यांनी रेषेला भिंतच मानलं. केमिस्ट्रीच्या हेड वसुंधरा मॅडम पन्नास पावलं वळसा घालून दारातून आत आल्या. दिनानाथ सर तर घरून टेबल, खुर्ची आणि नावाची पाटीसुद्धा घेऊन आले होते. मॅडम त्यांच्या केबिनमध्ये डोकावल्या, तर आधी नॉक करा म्हणाले. मॅडमनी हवेत नॉक केलं. सरांनी फाइलमधून डोकं वर काढलं नाही.

दहा वाजले, एप्रिलचं ऊन चटके द्यायला लागलं. एकेकाने खुर्ची उचलली आणि सामाईक प्रयोगशाळेच्या हॉलमधल्या कडुलिंबाखाली मांडली. पोहे आले, जिलेबी आली. तासाभरात वसुंधरा मॅडम आपलं लाडकं यंत्र फिजिक्सच्या पोरांना द्यायला कबूल झाल्या. सात वर्षं नुसती पत्रं चालली होती त्यावर. यामिनी मनातून हरखली. पण सर मात्र केबिनमध्ये छत्री उघडून ढिम्म बसलेले. काय हट्टी म्हातारा आहे, तिचं डोकंच तापलं.

बाराला ती सहीचा कागद घेऊन गेली, मुकाट नॉक करून आत शिरली.

"सर, तुम्ही डिसेंबरात रिटायर होणार. बिल्डिंगला तीन वर्षं लागतील. मग केबिन कुणासाठी?"

"मालूम आहे ना बेटा," सर छत्री सावरत म्हणाले. "एकतीस वर्षं स्टोअररूममध्ये आलमारीच्या मागे बसलो. म्हटलं, एक दिवस तरी हेडसारखं केबिनमध्ये बसावं. आजचाच दिवस आहे माझ्याकडे."

यामिनीचा राग कुठल्या कुठे गेला. तिला भरून आलं, स्वतःची लाजही वाटली. कागद न उघडताच ती हॉलमध्ये गेली आणि वसुंधरा मॅडमच्या कानाला लागली.

मग काय विचारता! दुपारभर सरांच्या दारात रांग. कुणी सुट्टीचा अर्ज घेऊन आलं, कुणी टाइमटेबलचं रडगाणं घेऊन. सगळे हवेत नॉक करत होते, सर "या" म्हणत होते. मॅडम स्वतः दोनदा येऊन गेल्या, दुसऱ्यांदा तर भांडायला. सर घामाने थबथबले होते, पण त्यांचा चेहरा नवरदेवासारखा खुलला होता.

पाचला त्यांनी यामिनीला बोलावलं आणि सही केली.

"आता ही केबिन काढून टाक," ते म्हणाले, "पोरांची हवा अडते."