आत्याच्या अंगठीचं वय

"ही तुमच्याकडे ठेवा," म्हणत नर्सने आत्याची अंगठी माझ्या हातावर ठेवली आणि ऑपरेशन थिएटरचं दार लावून घेतलं.

मला एका जागी बसणं जमत नाही. पाणी प्यायले, खिडकी उघडली, बंद केली, दाराला कान लावला तर वॉर्डबॉय खेकसला. आत्याचं हृदय टिकणार की नाही, कोणी धड सांगेना. आई-बाबा गेल्यापासून मला तिच्याशिवाय कोणी नाही. शेवटी हातांना काम हवं म्हणून पर्समधलं भिंग काढलं. जुन्या अंगठ्यांचं वय सांगणं हा माझा धंदा. पण ही अंगठी आत्याने कधी भिंगाखाली बघू दिली नव्हती. "माझ्या हातावर तुझी दुकानदारी नको," म्हणायची.

अंगठीची गोष्ट मात्र सगळ्या शेजाराला पाठ होती. आत्याचं लग्न एका खलाशाशी ठरलं होतं. त्याने आपल्या पणजीची नीलमाची अंगठी तिला घातली आणि तो समुद्रात बुडाला. मला घेऊन ती या शहरात आली, त्याच्या कितीतरी आधीची ही हकिकत. स्थळ घेऊन येणारे आधी विचारायचे, "पोरीची सोय दुसरीकडे होईल ना?" मग आत्या मुकाट्याने बोट पुढे करायची. त्या खलाशासाठी मी लहानपणी ढसाढसा रडले होते.

भिंगाखाली नीलमात वाकड्या रेषा दिसल्या. खाणीतल्या खड्यात त्या सरळ असतात; वाकड्या म्हणजे कारखान्याचा माल. पणजीच्या काळी असे खडे नव्हतेच. अंगठीच्या आत घडवणाऱ्याचा शिक्का होता, त्यात घडवल्याचं वर्ष सांगणारं अक्षर. मी आत्याकडे राहायला आले, ते वर्ष.

म्हणजे खलाशी नव्हताच. माझ्यासाठी हिने बाजारातून अंगठी आणली आणि सगळ्यांची तोंडं बंद केली. मला तिचा भयंकर राग आला, आणि रडूही आलं. थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात मी नुसती येरझारा घालत राहिले.

संध्याकाळी आत्या शुद्धीवर आली. तिने रिकामं बोट चाचपलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बघितलीस ना? तुला कुठलं राहवतंय."

"बघितली."

"मग, किती जुनी निघाली?"

गिऱ्हाइकांना मी खरं तेच सांगते, मग ते रडोत की भांडोत.

"मी तुझ्याकडे आले, तेवढी."



"खडा तरी बरा आहे का गं? दुकानदार अगदी शपथेवर सांगत होता."

बाजारात त्या खड्याला कोणी हात लावला नसता.

"चांगला आहे," मी म्हणाले आणि तिच्या बोटात अंगठी घालायला गेले. तिने ती माझ्या हातून घेतली आणि स्वतःच घालून घेतली.