यादीत नसलेल्या एर्लिसबाई

मी एक हिरव्या पुठ्ठ्याची फाईल. वेल्समधल्या एका छोट्या गावच्या दवाखान्यात, व्यवस्थापक एर्लिसबाईंच्या खुर्चीमागच्या कपाटात माझा मुक्काम. माझ्या पोटात इथल्या माणसांचा गैरहजेरीचा विमा आहे. डॉक्टर किंवा नर्स आजारी पडली, की बदली माणसाचा खर्च विमा कंपनी देते. तुम्हाला जांभई आली असेल. येऊ द्या, माझं नाव काढलं की सगळ्यांनाच येते.

एर्लिसबाईंना मात्र कधी आली नाही. दर मार्चमध्ये विमा नवा करायच्या आधी त्या मला काखोटीला मारून खोल्याखोल्यांतून फिरायच्या. डॉक्टर प्रिचर्डांचे दिवस कमी झाले का, नर्स माइरचे तास वाढले का, कुणाला नवं दुखणं जडलं का, सगळं विचारायच्या. इथल्या माणसांना प्रकृती विचारली की 'काही तक्रार नाही' म्हणायची खोड, पाय प्लास्टरमध्ये असला तरी. एर्लिसबाई चहाचा कप हातात धरून समोर उभ्या राहायच्या आणि खरं ऐकल्याशिवाय कप द्यायच्या नाहीत.

म्हणून तर प्रिचर्डांची पाठ धरली तेव्हा आठ आठवडे बदली डॉक्टर आला. कंपनीला बोट ठेवायला जागाच नव्हती. मला तेव्हा थोडा गर्व चढला होता, कबूल करते.

या जानेवारीत एर्लिसबाईंनी माझ्यात एक पत्र लपवलं. मला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या पोस्टात गेल्या असताना प्रिचर्डांना आठवलं की आपण बुधवारी येणं सोडलंय आणि ते कंपनीला कळवायचं राहिलंय. त्यांनी स्वागतकक्षातल्या नेरिसला मला काढायला सांगितलं, आणि पत्र तिच्या मांडीवर पडलं.

पत्र इस्पितळाचं होतं. एर्लिसबाईंच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया, अठरा फेब्रुवारी. चौदा महिने वाट पाहून मिळालेली ही दुसरी तारीख. पहिली त्यांनी कुणाला न सांगता नाकारली होती, आणि हीही नाकारली तर नाव यादीतून कटणार होतं. म्हणजे उरलेलं आयुष्य लंगडत.

एर्लिसबाई परतल्या तेव्हा दोघं त्यांची वाटच पाहत होती. प्रिचर्ड म्हणाले, बदली व्यवस्थापक आणू, विमा कशाला आहे?

"मी त्यात नाही," एर्लिसबाई म्हणाल्या.

एकोणीस वर्षं सगळ्यांची नावं लिहिताना स्वतःचं लिहावं असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आता दुखणं जुनं, कंपनी ते घेणार नाही. म्हणून त्यांनी नकाराचं पत्र लिहायचं ठरवलं होतं.

"दवाखाना तुझ्यावाचून बंद पडेल असं वाटतंय ना तुला?" नेरिस म्हणाली. "मग पडू दे. बंद दवाखान्यात निदान तू दोन पायांवर चालत येशील."

एर्लिसबाई रागावल्या, मग रडल्या, मग ठरल्या तारखेला इस्पितळात गेल्या.

नेरिसने दवाखाना चालवला, म्हणजे ढकलला. हात पुसायचे कागद इतके मागवले, की नर्स माइरला खोलीत अंग तिरकं करून शिरावं लागायचं. मार्चमध्ये तिने मला काखोटीला मारलं आणि चहा घेऊन फेरीही केली. प्रिचर्ड 'काही तक्रार नाही' म्हणाले, तेव्हा तिने त्यांचा चहा स्वतःच पिऊन टाकला.

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी एर्लिसबाई काठी टेकत आल्या. कागदांच्या ढिगाकडे पाहून कपाळाला हात लावला आणि आधी मला उघडलं. नव्या यादीत पहिलंच नाव त्यांचं होतं. पुढे नेरिसच्या गिचमिड अक्षरात शेरा होता : 'डावा खुबा सोडून बाकी सगळी एर्लिस.'

त्या हसल्या आणि चष्मा पुसत बसल्या. मग नेरिसला हाक मारून म्हणाल्या, अक्षर सुधार.

तुमच्याकडेही सगळ्यांची यादी करणारं कुणी असेल. कृपा करून ती यादी एकदा उघडा आणि त्यांचं नाव आहे का बघा. मला एकोणीस वर्षं ते न लिहिलेलं नाव दिसत होतं. पण मला ते त्यांना सांगता आलं नाही.