बागबाजारातली रंगीत तालीम

जानेवारीत कोलकात्याला कडा उरत नाहीत. बालीगंजच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की समोरची घरं धुक्यात अर्धी विरघळलेली दिसतात आणि त्यांच्या मागे शहर आहे की समुद्र, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शकुनने समुद्र ठरवला होता. तिची एकुलती एक मुलगी नूपुर बरीच वर्षं लिस्बनला होती. आता ती म्हणत होती, दोघंही इकडेच या. तिच्या घरापासून तासाभरावर समुद्रकाठचं एक लहानसं गाव होतं, निळ्या चौकटींच्या पांढऱ्या घरांचं. शकुनने जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण नकाशावर बोट ठेवलेल्या गावांपैकी एकही पाहिलं नव्हतं. तिचा नवरा मनोहर भूविज्ञान खात्यातून निवृत्त झालेला, दगडांचा माणूस. त्याला विचारलं की तो "बघू" म्हणायचा आणि पेपर उलटायचा.

शेवटी शकुन शेजारच्या उषाताईंकडे गेली. उषाताई कॅनडाला मुलाकडे कायमच्या म्हणून गेल्या होत्या आणि दोन वर्षांत परत आल्या होत्या. त्यांनी मुलाला नावं ठेवली नाहीत की देशालाही. इथलं घर एवढ्यात विकू नका म्हणाल्या. तिथे आधी भाड्याने राहा, तेही तिथल्या सगळ्यात वाईट ऋतूत. रोज उठून जायला एखादी जागा शोधा, नाहीतर दिवस खायला उठतो. मग चहाचा कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मुलीच्या घरी जाऊ नकोस, शकुन. तिच्या देशात आपल्या घरी जा. आणि ते जमतंय का, हे आधी इथेच करून बघ. जिथे तुम्हाला कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा भागात."

म्हणून दोघांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बागबाजारात महिन्याभरासाठी दोन खोल्या घेतल्या. मनोहर हसला, पण बॅग त्यानेच भरली. ठरलं असं, की ओळखीच्या कुणाला फोन करायचा नाही, अडलं तर आपलं आपण निस्तरायचं आणि नूपुरशी फक्त रविवारी बोलायचं.

घराला हिरव्या झडपांच्या उंच खिडक्या होत्या. खिडकीखाली रेल्वेचा रूळ, रुळापलीकडे गंगा. सकाळी गाडी जायची तेव्हा धुक्यातून नुसता आवाज जायचा आणि लाँचचा भोंगा पाण्यावर कितीतरी वेळ रेंगाळायचा. शकुन मोबाइलवर पोर्तुगीज शिकायला बसली आणि चकित झाली. चावी, साबण, अननस, पाव हे तर तिच्या तोंडात होतेच. मराठीत नव्हता तो खिडकीचा शब्द बंगालीत सापडला, जानाला. घरातलं निम्मं सामान पोर्तुगीजच निघालं. वस्तूंना हात लावत ती खोल्यांतून हिंडायची. जायचा देश कुणीतरी आधीच इथे आणून, फडताळात लपवून ठेवलाय, असं तिला वाटायचं.

मनोहरच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात नेहमीच्या कंपनीच्या मिळेनात. आतल्या औषधाचं नाव दोघांनाही सांगता येईना. रिकामं पाकीट शोधायला दुपार गेली. तेव्हापासून ते नाव दोघांनी पाढ्यासारखं पाठ केलं.

दुसऱ्या आठवड्यात मात्र शकुनचं काहीतरी बिनसलं. बालीगंजला भाजी घ्यायला उतरलं तरी कुणी ना कुणी जुनी विद्यार्थिनी "मिस" म्हणून हाक मारायची. इथे ती भाजीवाल्यापाशी उगीच उभी राहायची, फ्लॉवर चाळवत, कुणी दोन शब्द बोलेल म्हणून. हट्ट आपलाच होता, मग नवऱ्याला सांगायचं कोणत्या तोंडाने? ती पोर्तुगीज क्रियापदं मोठ्याने म्हणत बसायची.

अशातच एके दिवशी मनोहर सकाळी फिरायला गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही. फोन घरातच चार्जिंगला होता. शकुनचा हात उषाताईंच्या नंबरापर्यंत गेला आणि थांबला. शाल गुंडाळून ती उतरली, रूळ ओलांडून घाटावर आली. धुकं अजून पाण्यावर बसलेलं होतं. त्यातून हावड्याकडून येणारी लाँच हळूहळू उमटली, आणि कठड्याला रेलून बसलेला मनोहर तिला दिसला. त्याने हात हलवला, पण उतरला नाही. मग तीच आत चढली आणि त्याच्या शेजारी बसली. सकाळपासून तो नुसता या तीरावरून त्या तीरावर जात होता.

लाँच सुटल्यावर तो बोलला. "तिकडे मी कोण असणार, याची मला धास्ती होती. सॉल्ट लेकच्या जुन्या ऑफिसात मी अजून चहाला जातो, कारण तिथे साहेब म्हणतात. आज इथे एकाने विचारलं, दादा, कुठे उतरणार? म्हटलं, कुठेच नाही. तो म्हणाला, मग बसा. शकुन, मला फार बरं वाटलं गं."

शकुन म्हणाली, "अहो, मला मात्र इथे करमत नाहीये. मला कुणीतरी ओळखायला हवं असतं."

मनोहरने तिच्या शालीचं सुटलेलं टोक खांद्यावर नीट टाकलं. पुढचा घाट आला, माणसं उतरली, दुसरी चढली. ती दोघं बसून राहिली.

रविवारी शकुनने नूपुरला सगळं मोकळेपणी सांगितलं. चार दिवसांत नूपुरचाच फोन आला. समुद्रकाठच्या त्या गावात शेतांवर कामाला आलेली बरीच बांगलादेशी कुटुंबं होती. त्यांच्या मुलांना तिथल्या वाचनालयात संध्याकाळी अभ्यासाला मदत करणारं, त्यांची भाषा येणारं कुणीतरी हवं होतं. शकुनने तीन वेळा विचारून खात्री करून घेतली. कोलकात्याची बंगाली त्यांना चालेल ना? नूपुर म्हणाली, "धावेल, आई."

बालीगंजचं घर त्यांनी विकलं नाही. दुर्गापूजा आटोपल्यावर, नोव्हेंबरात, समुद्रकाठच्या त्या गावातला पाऊस आणि बोचरा वारा सुरू होताना दोघं निघाली, आधी एका हिवाळ्यापुरती. विमानतळाच्या वाटेवर टॅक्सीत मनोहर खिडकीबाहेर बघत एकेक पोर्तुगीज शब्द चुकीचा उच्चारत होता, आणि शकुन डोळे मिटून तो दुरुस्त करत होती.