आठवा देश आणि सदूकाकाची पोफळ

फेरीबोट दिघीला लागली तेव्हा दीपेशला वाटलं, उतरूच नये. पण धक्क्यावर सदूकाका उभा होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "आमचा पुतण्या! सात देशांशी बोलतो दिल्लीत."

आता आठ झाले होते. दीपेशच्या ओठांवर ते आलंच नाही.

होळीला त्याने काकाला शब्द दिला होता : सात देशांच्या व्यापार करारात सुपारीला हात लागणार नाही, बाहेरची सुपारी स्वस्तात येणार नाही. तेव्हा ते खरंही होतं. त्या शब्दावर काकाने भातशेतीचा तुकडा मोडून तिथे केळी उभ्या केल्या. केळींच्या सावलीत सुपारीच्या पोफळी वाढणार होत्या.

मग आठवा देश आला. चिमुकला, बेटांचा, पोफळींचाच. सुपारी घ्या, नाहीतर सही नाही, म्हणून अडून बसला. मिटलेली बोलणी पुन्हा उघडली. बाहेरचं दूध अडवायचं तर काहीतरी सोडणं भाग होतं. "सुपारी सोडता येईल," असं बैठकीत म्हणाला तो दीपेश. गेल्या आठवड्यात ते जाहीर झालं, तरी काकाला फोन करायला त्याचा हात धजला नाही.

पहिलं रोप घरातल्या धाकट्याने लावायचं, ही त्या घरची रीत. दोघे वाडीत पोचले तेव्हा मनूकाकूने रोपाला हळदकुंकू लावून ठेवलं होतं.

"लाव रे दिल्लीकर! शर्ट मळला तर मी धुवून देईन," काकू हसत म्हणाली.

दीपेश ओणवा झाला. खड्ड्यावर धरलेलं रोप त्याला खाली सोडवेना.

"काका, बाहेरची सुपारी येणार. करारात नवा देश घेतलाय."

"मंग तू बोलला न्हाय? आमची वाडी हाय म्हणून?"

"सुपारी सोडा, असं मीच बोललो."

केळीच्या पानावरून पाणी ठिबकत राहिलं.

"तवा आमी आठवलो न्हाय तुला?"

"आठवलात."

आठवले होते. घरच्यांसाठी भांडतो असं कुणी म्हणू नये, म्हणून तर त्याने सगळ्यांच्या आधी तोंड उघडलं होतं.

काका ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसतं पुढे होऊन दीपेशच्या हातातलं रोप काढून घेतलं आणि काकूकडे दिलं.

"तू लाव गो."

"अवो, पण रीत..."

"खड्डा काढलाय. मोकळा कसा ठेवायचा? लाव."

काकू मातीत बसली. दीपेश मळलेले हात तसेच धरून उभा राहिला. पाटाचं पाणी पायाशी वाहत होतं. त्यात हात बुडवायचाही त्याला धीर होईना.