पेजेचा थर्मास

मी एक जुना थर्मास आहे. निळ्या पत्र्याचं अंग, आत काचेची बाटली, तोंडाला बूच. मोहोपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात वर्षभर अपघात झाला नाही, म्हणून १९८१ साली कामगारांना थर्मास वाटले. त्यातला मी कमळाकरच्या वाट्याला आलो आणि खालापूरजवळच्या त्याच्या घरी राहिलो. त्याची बायको चंद्राबाई रोज तो कामाच्या पाळीला निघताना माझ्यात पेज भरायची. मित्रांनो, गरम दिलंत तर गरमच परत देईन, एवढाच माझा शब्द. पाच वर्षं तो मी पाळला.

१९८६ साली कमळाकरला कावीळ झाली. पित्तनळीत खडा अडकला होता. मुंबईच्या इस्पितळात मोठे डॉक्टर म्हणाले, "तोंडातून दुर्बीण घालून खडा काढू. कापाकापी नाही, टाके नाहीत. उद्या घरी."

सकाळी खडा निघाला. दुपारी चंद्राबाईने सिस्टरना विचारून माझ्यातली चार घोट पेज त्याला पाजली. तासाभरात पोटात कळ उठली आणि पाठीपर्यंत गेली. ओकाऱ्या थांबेनात.

"काय खायला घातलंत?" शिकाऊ डॉक्टरने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"एवढी कसली घाई गं?" कमळाकरची थोरली बहीण ठकूबाई म्हणाली.

"सिस्टरना इचारलं होतं, वन्सं."

"सिस्टर काय तुझी मावशी हाय?"

चंद्राबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते मला फार लागलं.

अठरा दिवस तो सलाईनवर होता. तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी खाटेखाली, बूच घट्ट लावलेला. उरलेली पेज माझ्यात आंबत होती. मला कोणी शिवलं नाही, चंद्राबाईनेसुद्धा.

घरी सोडताना मोठे डॉक्टर म्हणाले, "या दुर्बिणीनंतर काही जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते. ते आम्हाला ठाऊक असतं. पेजेचा दोष नाही."

"मग आदी का नाय सांगितलंत?" कमळाकरने विचारलं.

"घाबरून आला नसतात."

"आलो असतो, डॉक्टर. हिला बोल लावला नसता."

घरी त्याने स्वतः मला गरम पाण्याने तीनदा धुतलं आणि चुलीजवळ ठेवलं. "भर," तो म्हणाला.

"आदी वन्संना बोलवा," चंद्राबाई म्हणाली. "त्यांच्यासमोर भरीन."

ठकूबाई अजून आलेली नाही. मी फळीवर आहे.

मित्रांनो, थर्मास रिकामा करून, धुऊन, बूच काढून ठेवत जा. आणि दुखणं आलं की हाताशी दिसेल त्याला दोष देऊ नका, आधी नीट विचारा. माझ्यातला आंबूस वास अजून गेलेला नाही.